नागपूरच्या व्याह्यांकडे जेवायला

नागपूरला जायचं ठरलं ते माझ्या तीन चित्रांमुळे. साताऱ्याच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे राहायला आलो आणि घरातल्या लहानसहान वस्तू जलरंगात काढायचा नाद लागला. खलबत्ता, अर्धा चिरलेला कोबी, गॅलरीत वाळत घातलेले सांडगे, असलं काहीबाही. नागपूरच्या काही हौशी चित्रकारांनी एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं, त्यात माझी तीन चित्रं घेतली आणि उद्घाटनाला या म्हणून आग्रहानं कळवलं.

नागपूर हे माझ्या सुनेचं, पल्लवीचं माहेर. पण व्याह्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो, आणि त्याला कारण होतं. पल्लवीच्या वडिलांनी, वासुदेवजींनी, तिच्यासाठी तिकडचंच एक स्थळ ठरवत आणलं होतं. तिनं नाही म्हटलं आणि माझ्या निखिलशी पुण्यात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. लग्नाला तिची आई, सुमनताई, तेवढी एकटी आली. वासुदेवजी आले नाहीत, आणि त्यानंतर मुलीशी बोललेही नाहीत. सुमनताई दुपारी ते झोपले की हळूच फोन करायच्या, तेवढाच काय तो माहेरचा धागा. आता पल्लवीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. आमच्या घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि न काढण्यामुळेच तो विषय दिवसभर घरात वावरत असायचा.

मी हॉटेलात उतरणार होतो. सुमनताईंना ते कळलं आणि त्यांचा फोन आला.

"हॉटेलात काहून? आमचं घर काय पडलं हाये का?"

"वासुदेवजींना चालेल का पण?"

"घरी येणाऱ्या पाहुण्याले नाई म्हणनारा मानूस नाई तो. तुम्ही या फक्त."

निघताना पल्लवीनं माझ्या पिशवीत कुळथाच्या पिठाची पुडी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तिथे माझा विषय काढू नका. माझ्या वतीनं कोणी बोलणी केलेली मला नको आहेत." मी बरं म्हटलं. लग्न झाल्यापासून ती मला बाबाच म्हणते.

तर्री

स्टेशनवर वासुदेवजी स्वतः न्यायला आले होते. उंच, सडपातळ, कानाला मफलर गुंडाळलेला. कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केलेल्या माणसाचे हात कसे असतात तसे मोठे, खरबरीत हात. "या सर," म्हणाले, माझी बॅग घेतली आणि रिक्षात बसल्यावर घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. मीही बाहेर बघत राहिलो. जानेवारीची थंडी होती. पुण्यात स्वेटर कपाटात असला तरी चालतो. इथे रस्त्याच्या कडेला माणसं टायरचा तुकडा पेटवून हात शेकत उभी होती. त्यांच्या जरीपटका भागातला बाजार अजून उघडायचा होता. दुकानांसमोर सडा टाकणं चाललं होतं.

घर बैठं, समोर थोडं अंगण, अंगणात कढीपत्ता आणि पेरूचं झाड. सुमनताईंनी गरम पाणी काढून ठेवलं होतं. आंघोळ करून आलो तर स्वयंपाकघरात वासुदेवजी उभे! कमरेला पंचा, हातात डाव. निवृत्त झाल्यापासून सकाळचा नाश्ता तेच करतात, हे मला तिथे कळलं.

पुढ्यात पोह्यांची बशी आली. माझ्या ओळखीचे पोहे, म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. हे तसेच होते, पण त्यावर वासुदेवजींनी एका पातेल्यातून लालभडक रस्सा ओतला. रश्शात काळे हरभरे आणि वर बोटभर तेलाचा तवंग.

"तर्री," ते म्हणाले. "तर्री नसन तं पोहे कायले खायचे?"

पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्यापासून मात्र हात थांबेना. वासुदेवजी समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होते. मी बशी पुढे केली तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. मग ते बोलू लागले ते थांबेचनात. कांदा किती भाजायचा, खोबरं कोणतं, हरभरा रात्री भिजवताना काय करायचं. एकदा मसाला अर्धवट भाजून त्यांनी सगळं पातेलं कसं वाया घालवलं, हेही सांगितलं. स्टेशनपासून घरापर्यंत ज्या माणसाला एक वाक्य सुचलं नव्हतं, तो तर्रीवर अर्धा तास बोलला.

मला हायसं वाटलं. आम्हा दोघांना बोलायला एक सुरक्षित जागा मिळाली होती.

चमक

संध्याकाळी उद्घाटन झालं. भाषणं लांबली, चहा गोड होता, माणसं भली होती. दुसऱ्या दिवशी वासुदेवजी म्हणाले, "चला, तुमचे चित्रं पाहू." सुमनताईंनी डोळे विस्फारले. त्यांच्या संसारात हे गृहस्थ कधी असल्या ठिकाणी गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दालनात ते हात मागे बांधून प्रत्येक चित्रापुढे सारखाच वेळ उभे राहिले. मग माझ्या एका चित्रापाशी आले. त्यात पितळी ताटात पिठलं, भाकरी आणि बाजूला फोडलेला कांदा होता.

"हे तुमचं?"

"हो."

"कांदा गजब हाये. मुठीनं फोडला हे दिसून राह्यलं." जरा वाकून पाहिलं. "पन पिठलं कोनं केलं होतं?"

"मीच."

"तेल कमी पडलं. चमक नाई."

मी हसलो आणि तेल तेवढंच होतं असं सांगितलं. त्यांना पटलं नाही. चित्र काढताना तरी घालायचं होतं, म्हणाले.

घरी आल्यावर मी रंगांची पेटी काढली आणि त्यांच्या ओट्याशेजारी स्टूल टाकून पातेल्यातली उरलेली तर्री काढायला बसलो. आधी त्यांनी दुरून पाहिलं, मग जवळून, मग शेजारी दुसरं स्टूल ओढलं. तेलाची चमक रंगानं आणायची नसते, तिथला कागद कोरा सोडायचा असतो, हे दाखवल्यावर ते बराच वेळ त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत राहिले. "म्हंजे काहीच नाई करायचं तिथी?" मी म्हटलं, तेच अवघड आहे. त्यांनी कुंचला मागितला. त्यांनी काढलेली मिरची अगदी मिरचीसारखी झाली, फक्त आकारानं वांग्याएवढी. सुमनताई पदराआड हसल्या. त्यांनी कागद वाळवून फ्रिजवर चुंबकानं लावला.

सोलेभात

तिसऱ्या दिवशी मला बाजारातून सांभार आणायचं काम मिळालं. मी जरीपटक्याच्या गर्दीतून हिंडून एका किराणा दुकानातून सांबार मसाल्याची पुडी घेऊन आलो. सुमनताईंनी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि मटकन खुर्चीत बसून हसायला लागल्या. सांभार म्हणजे तिकडे कोथिंबीर. वासुदेवजींनी कपाळावर हात मारला, पायात चपला सरकवल्या आणि स्वतः जाऊन जुडी घेऊन आले. येताना तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवीही आणली.

आम्ही तिघं अंगणातल्या उन्हात शेंगा सोलत बसलो. हिवाळ्यात हे हिरवे दाणे, म्हणजे सोले, घालून जो भात करतात तो सोलेभात. आमच्याकडे साताऱ्याला पावट्याचा भात करतात, त्याची मला आठवण झाली. मी पल्लवीनं दिलेलं कुळथाचं पीठ काढलं आणि पिठलं मी करणार असं जाहीर केलं. वासुदेवजी माझ्या मागे उभे राहून बघत होते. मी चिमूटभर गूळ टाकला तेव्हा त्यांच्या तोंडून "अरे बाप्पा" असं निघालं. पण जेवताना त्यांनी ते पिठलं दोनदा घेतलं आणि गुळाबद्दल काही बोलले नाहीत.

भात फार सुरेख झाला होता. मोकळा, लसणाच्या फोडणीचा, सोले दाताखाली मऊ फुटणारे. वरून कच्चं फल्लीतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल. मी अगदी सुखात होतो, आणि त्या सुखात जीभ घसरली.

"पल्लवीच्या हातचा सोलेभात अगदी असाच लागतो," मी म्हणालो.

सुमनताईंचा हात ताटावरच थांबला. वासुदेवजींनी तोंडातला घास संपवला, पाणी प्यायले, ताटात उरलेल्या भाताकडे एकदा पाहिलं आणि उठले. अंगणात जाऊन पेरूच्या झाडाखाली पाठमोरे बसले. नळ उघडा राहिल्यासारखी शेजारच्या घरातून बातम्यांची बडबड ऐकू येत होती.

"ते ताटात कधीच टाकत नाईत," सुमनताई हळू म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी तो भात दुसऱ्या वाटीत काढून ठेवला.

मी शब्द मोडला होता, ठरवून नव्हे, पण मोडला होता. पल्लवीला तोंड कसं दाखवायचं, याचा विचार करत मी दुपार काढली. परतीच्या गाडीला अजून दोन दिवस होते. आधीची गाडी मिळते का पाहावं म्हणून निखिलला फोन लावायला उठलोच होतो, तेवढ्यात वासुदेवजी दारात आले.

"सर, उद्या काटोलले जाऊ. माह्या चुलतभावाची बाग हाये. रोडगे करू." एवढंच बोलून वळले. मग पुन्हा मागे फिरून म्हणाले, "पिठलं बरं होतं."

काटोल

बसमध्ये निम्मी माणसं टोपल्या-पोत्यांसह होती. काटोल हा संत्र्यांचा मुलूख. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, गडद हिरवी बुटकी झाडं आणि त्यांत पिवळसर होऊ लागलेली फळं. पुण्यात संत्रं म्हणजे मला फळवाल्याच्या गाडीवरचा ढीग ठाऊक. इथे झाडावरून तोडून तिथल्या तिथे सोललं तेव्हा सालीचा फवारा चष्म्यावर उडाला आणि दिवसभर त्या वासातून मी जग पाहत होतो.

चुलतभाऊ मंडईत गेले होते. त्यांच्या घरातल्या बायकांबरोबर सुमनताई हरभऱ्याची भाजी खुडायला शेजारच्या वावरात गेल्या. बागेच्या कडेला आम्ही दोघंच उरलो.

रोडगे हे पुरुषांनी करायचं काम, असं तिकडे मानतात. जाडसर दळलेल्या कणकेचे, थर देऊन वळलेले, मुठीएवढे गोळे. गोवऱ्या पेटवून त्यांचा लाल विस्तव झाला की त्यात ते पुरायचे आणि सारखे फिरवत राहायचं. भाजून झाले की फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वरण, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. वासुदेवजींनी मला कणीक मळायला बसवलं आणि स्वतः वांग्याची भाजी चुलीवर चढवली. बोलणं सगळं वांग्याचं. काल काय झालं याचा उल्लेख त्यांनी केला नाही, मीही केला नाही.

रोडगे विस्तवात गेले आणि माझा फोन वाजला. पल्लवी होती. चेहरा दिसणारा फोन तिनं लावला होता. माझे हात कणकेनं भरलेले, म्हणून मी फोन एका दगडाला टेकवून ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बाबा!" ती म्हणाली.

विस्तव सारखा करत असलेल्या वासुदेवजींनी झटकन मान वर केली. त्यांना वाटलं असावं, आपल्यालाच. मग ती माझ्याशी बोलतेय हे ध्यानात आलं आणि त्यांनी मान खाली घातली. फोनच्या डोळ्याला ते दिसत नव्हते.

"बाबा, आईचा फोन लागत नाहीये. जवळ आहे का ती? मला पातोडीचा रस्सा खावासा वाटला म्हणून करायला घेतला, तर बेसनाच्या नुसत्या गाठी व्हायला लागल्यात."

पातोडी म्हणजे बेसन शिजवून, थापून केलेल्या वड्या. त्या झणझणीत रश्शात सोडतात. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "आई शेतात गेली आहे. थोड्या वेळानं कर की."

"अहो, कढईत आहे सगळं!"

विस्तवापाशी हालचाल झाली. वासुदेवजी माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "गॅस बारीक कर म्हना."

मी सांगितलं, "गॅस बारीक कर."

"केला."

"बेसन आधी थंड्या पान्यात कालवलं होतं का, विचारा."

मी विचारलं. पलीकडे डावाचा आवाज थांबला. त्या घरात वाढलेल्या मुलीला तो आवाज कितीही हळू असला तरी कळणारच. पडद्यावर फक्त तिच्या कपाळाचा भाग आणि मागची भिंत दिसत होती. मग ती म्हणाली, "नाही कालवलं. त्यांना सांगा, कोरडंच टाकलं."

"कोरडंच टाकलं म्हणते," मी म्हणालो. ऐकू तर त्यांना गेलंच होतं.

"मंग गाठी होतीनच. पान्याचा शिपका मारा म्हना, अन डावाच्या पाठीनं कडेले दाबून फोडा म्हना."

मी सांगत होतो, ती करत होती. डाव कढईवर घासल्याचा आवाज येत होता. मग तो आवाज मंदावला. ती म्हणाली, "हात दुखायला लागला, थांबते जरा," आणि वासुदेवजी ताडकन उठून फोनसमोर आले.

"अवं पल्लू, थांबू नोको! आता थांबली तं तळाले लागते. घोट, घोट. तिकून, कडेकून घे!"

ती घोटू लागली. हे दगडापाशी उकिडवे बसून, फोनमध्ये तोंड घालून, "आनखी, आनखी, झालं, आता ओवा हातावर चोळून टाक" असं बोलत होते. मी हातातली कणीक हातातच धरून बाजूला सरकलो.

"सुटलं का कढईपासून?"

"सुटलं."

"ठेव झाकन. वाफ येऊ दे."

झाकण ठेवल्याचा आवाज आला. आता सांगायला काही उरलं नव्हतं. तिनं फोन समोर धरला आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. वासुदेवजींनी दोनदा घसा खाकरला.

"उभी काहून हायेस एवढ्या वेळची?" ते म्हणाले. "खुर्ची घे. बस खाली."

पडदा हलला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसली, बाबा."

मी उठलो आणि झाडांमध्ये चालत गेलो. ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन एक संत्रं तोडलं, सोललं, पण खाल्लं नाही. मागून त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते आणि मला ते कळून घ्यायचेही नव्हते. मध्ये एकदा ते मोठ्यानं ओरडले. मी दचकून वळलो, पण ते हसत होते.

सुमनताई भाजीची ओटी भरून आल्या तेव्हा धूर पाहून धावल्या. "अवो, रोडगे!" आम्ही दोघांनीही विस्तवाकडे पाहिलं नव्हतं. बाहेर काढले तेव्हा निम्मे काळेठिक्कर झाले होते. वासुदेवजींनी फोन सुमनताईंच्या हातात दिला. त्यांनी पडद्यावर लेकीला पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि भाजीची ओटी तशीच धरून मातीत बसल्या.

जळका भाग खरवडून आम्ही ते रोडगे खाल्ले. वांग्याची भाजी मात्र अप्रतिम होती. वासुदेवजींनी माझ्या पानात तूप वाढलं आणि म्हणाले, "घ्या इवाई, लाजू नोका."

तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात. तोवर मी त्यांच्यासाठी सर होतो.

परत

निघायच्या दिवशी सकाळी सुमनताईंनी भाजलेल्या मसाल्याचा डबा, सांडगे आणि संत्र्यांची पिशवी बांधून दिली. बाळंतपण कुठे करायचं, हे मी विचारलं नाही. वासुदेवजी स्टेशनवर डब्यात चढून माझी बॅग बाकाखाली सरकवून उतरले आणि खिडकीशी उभे राहिले.

"पल्लवीला काही निरोप?" मी विचारलं.

"नाई," ते म्हणाले. "मीच बोलतो."

पुण्याला पोचलो. दार पल्लवीनं उघडलं. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला, एका हातात उघडं पेन. तिनं मानेनंच मला आत यायची खूण केली आणि बोलणं चालूच ठेवलं. "नाही, नाही, खसखस एवढी नसते बाबा, आई नाही घालत एवढी... आईला द्या बरं फोन... नको, तुम्ही स्टेशनवर या घ्यायला, निखिल सोडायला येणार आहे ना सोबत..."

मी बॅग ठेवली. मला पाणी द्यायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. चहा मीच टाकला, तिच्यासाठीही एक कप.